भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला का ढकलते? ब्रेकमधील दोष शोधण्याची साधी रीत

(ऊसउत्पादक सभासद, वाहतूकदार व ट्रॅक्टरचालक यांच्या माहितीसाठी)



गळिताचा हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामे निघतात. इंजिनचे ऑइल बदलले जाते, टायर बघितले जातात, ट्रॉलीला रंग होतो, फाळके ठोकून सरळ केले जातात. ब्रेकचा विषय मात्र शेवटी निघतो आणि पुष्कळदा "पुढच्या खेपेला बघू" म्हणून राहून जातो. कारण उघड आहे. इंजिन बिघडले तर खेप थांबते. ट्रॉलीचा ब्रेक बिघडला तर खेप थांबत नाही, ती सुरूच राहते. सपाट रस्त्यावर महिना-दोन महिने काही जाणवतही नाही. जाणवते ते एखाद्या ओढ्याच्या उतारावर, आणि तेव्हा काही करण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून ट्रॉलीचा ब्रेक काय काम करतो आणि तो धरत नसेल तर दोष कोठे व कसा हुडकावा, हे या लेखात सांगावयाचे आहे. यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. डोळे, हात आणि थोडा सबुरीचा स्वभाव असला म्हणजे पुरे.

ट्रॅक्टरचा ब्रेक कुणासाठी?

बैलगाडी उतारावर आली की जू बैलांच्या मानेवर पुढे चढते आणि बैल मागे रेटून गाडी धरतात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. ओझे बैलांच्या ताकदीबाहेरचे असेल तर गाडीच बैलांना घेऊन खाली जाते. ट्रॅक्टरचेही अगदी तसेच आहे. फरक एवढाच की बैल आधीच बुजतो, ट्रॅक्टर बुजत नाही.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ब्रेक कितीही चांगला असला तरी त्या चाकांवर जेवढे वजन आहे, त्याच्या प्रमाणातच टायर रस्त्याला पकड धरतो. त्यापुढे चाक जाम होऊन नुसते घसरते.

हिशोबासाठी एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर २ टनांचा, त्यापैकी मागच्या चाकांवर सव्वा टन. मागे दोन चारचाकी ट्रॉल्या, उसासह वजन २० टन. चारचाकी ट्रॉली आपला भार आपल्याच चाकांवर पेलते, तो ट्रॅक्टरवर येत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टरची मागची चाके फार तर ९०० किलोचा रोध देतील. सगळ्या चाकांच्या फिरण्यातला नैसर्गिक अडथळा ३०० किलो धरा. म्हणजे २२ टनांचे धूड थांबवायला एकूण १२०० किलोचा जोर मिळाला.

आता ट्रॉलीला ब्रेक नाहीत असे समजून पाहा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २९ मीटरवर थांबेल. वेग ३० असेल तर ६५ मीटर लागतील. वेग दीडपट झाला, पण अंतर सव्वादोनपट झाले, हे ध्यानात ठेवावे. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर कापले जाते ते यात धरलेले नाही. ताशी २० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते.

हाच हिशोब उतारावर करा. २० फुटांना १ फूट असा उतार असला, तर २२ टन वजन आपोआप ११०० किलोच्या जोराने खाली ओढले जाते. आपल्या हाती होते १२००. उरले फक्त १००. ताशी २० च्या वेगातली गाडी तीनशे मीटरच्या पुढे जाऊन थांबेल, तीही रस्ता कोरडा असेल तर. शेतातून आलेला चिखल, पडलेले पाचट किंवा पहाटेचे दव रस्त्यावर असेल तर ती थांबणारच नाही. मग चालक स्टिअरिंग वळवून ओहोळात घालतो नाहीतर झाडावर घेतो. लोक म्हणतात, "ब्रेक फेल झाले." खरे म्हणजे ट्रॅक्टरचे ब्रेक शाबूत असतात. ते त्या ओझ्यासाठी नव्हतेच.

उलट, ट्रॉल्यांच्या सर्व चाकांना ब्रेक आहेत आणि ते आपल्या वजनाच्या निदान चौथा हिस्सा जोर धरतात असे समजा. तीच गाडी ताशी २० ला सपाटीवर ६ मीटरच्या आत, आणि त्या उतारावर ७ मीटरच्या आसपास थांबते. यावरून एकच गोष्ट मनावर घ्यावी : ट्रॉलीचे ओझे ट्रॉलीच्याच चाकांनी थांबवले पाहिजे.

आणखी एक धोका आहे. ट्रॅक्टरने ब्रेक धरला आणि ट्रॉलीने धरला नाही, तर मागचे ओझे हुकातून ट्रॅक्टरच्या पाठीत रेटा देते. ट्रॅक्टर जरासा तिरका असला की हा रेटा त्याला आडवा फिरवतो आणि मग तो उलटायला वेळ लागत नाही.

ब्रेक कोणकोणत्या प्रकारचे

पहिला धक्क्याचा ब्रेक. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉलीची दांडी थोडी आत सरकते आणि त्या धक्क्याने तारेवर किंवा मास्टर सिलिंडरवर दाब येऊन ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. दुसरा तेलाचा ब्रेक, तो ट्रॅक्टरवरून पाइपाने चालवला जातो. तिसरा हवेचा ब्रेक. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, ट्रॉलीवर हवेची टाकी, आणि मधे नळ्या.

चौथा विजेचा ब्रेक. आपल्या उसाच्या ट्रॉलीला तो सहसा दिसत नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलियात मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरना तो सर्रास असतो. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यातला दोष शोधण्याची रीत आपल्या ट्रॉलीच्या दिव्यांनाही लागू पडते. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

प्रकार कोणताही असो, चालकाच्या पायापासून टायरपर्यंत ही एक साखळी आहे. पॅडल, मग तेल, हवा, तार किंवा वीज, मग शू व लायनर, मग ड्रम, आणि शेवटी टायर व रस्ता. दोष यातल्या कुठल्या तरी एका कडीत असतो. सगळे एकदम खोलून बसू नये. आधी कोणते चाक काम करत नाही ते ठरवावे, मग त्या चाकापासून मागे मागे यावे.

थंड चाक, गरम चाक

यासाठी सर्वांत सोपी परीक्षा अशी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ट्रॉली थोडे अंतर हळू चालवून सात-आठ वेळा ब्रेक लावावा. मग थांबून, ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून, प्रत्येक ड्रमजवळ उलटा हात न्यावा. ड्रमला हात टेकवू नये, जवळूनच ऊब कळते. फार तापल्याची शंका असेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा.

सगळी चाके सारखी कोमट असतील तर सगळे ब्रेक काम करीत आहेत. एखादे चाक थंड राहिले तर त्याचा ब्रेक लागतच नाही. एखादे फार तापले तर त्याचा ब्रेक सुटत नाही. आणि ट्रॉलीची सगळीच चाके थंड असतील तर दोष चाकात नाही, तो पुढे दांडीकडे किंवा ट्रॅक्टरकडे आहे. पाच-दहा मिनिटांची ही परीक्षा मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचवते.

लक्षणावरून दोष

१. *पॅडल किंवा दांडी शेवटपर्यंत जाते, ब्रेक लागत नाही.* तेलाचा ब्रेक असेल तर आधी तेलाची पातळी पाहावी. नंतर पॅडल तीन-चार वेळा भराभर मारावे. मारल्यावर ते वर येऊन कडक झाले, तर पाइपात हवा शिरली आहे किंवा शू आणि ड्रम यांत अंतर फार पडले आहे. हवा काढावी, शू ॲडजस्ट करावेत. पॅडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसू लागले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते पाहावे.

२. *पॅडल कडक लागते, पण ट्रॉली थांबत नाही.* दाब पोचतो आहे, पण पकड नाही. बहुतेक वेळा लायनरवर ग्रीस किंवा तेल आलेले असते. हबमध्ये ग्रीस ठासून भरण्याची आपल्याकडे खोड आहे. ऑइल सील जुने असले की ते ग्रीस सरळ ड्रममध्ये उतरते. ग्रीस प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत. वरून कोरडे दिसतात, पण तापले की आतले तेल पुन्हा वर येते. लायनर नवे घालावेत आणि सीलही बदलावे. नुसते लायनर बदलले तर महिन्यात तेच दुखणे परत.

३. *गाडी एका अंगाला ओढते.* ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक धरतो आहे, दुसऱ्या बाजूचा नाही. दोष शोधायचा तो न धरणाऱ्या बाजूला.

४. *ड्रम तापतो, ट्रॉली जड वाटते.* शू परत बसत नाहीत. स्प्रिंग तुटली असेल, हँडब्रेकची तार गंजून अडकली असेल, किंवा व्हील सिलिंडर जाम झाला असेल. रबरी नळी आतून फुगली तरी असे होते. तेल दाबाने आत जाते, पण परत येत नाही. वरून नळी चांगली दिसते, म्हणून हा दोष पटकन सापडत नाही.

५. *धक्क्याचा ब्रेक लागतच नाही.* ट्रॉली मागे घेताना हा ब्रेक लागू नये म्हणून काही ट्रॉल्यांना अडकण असते. गाडीतळावर मागे घेताना ती लावली आणि नंतर काढायची राहिली, तर पुढची सगळी खेप बिनब्रेकाची. अडकण नसेल तर सरकणारी दांडी चिखलाने किंवा गंजाने जाम झाली आहे का ते पाहावे. ती साफ करून ग्रीस लावावे.

६. *हवेचा ब्रेक मंद लागतो किंवा लागून राहतो.* टाकीतले पाणी रोज काढतात का? हवेबरोबर ओल येते व तळाशी पाणी साठते. इंजिन बंद करून काट्याकडे पाहावे. दाब भराभर उतरत असेल तर गळती आहे. सांध्यांना साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. दोन नळ्या जोडताना अदलाबदल झाली नाही ना, हेही पाहावे.

७. *वर ब्रेक चांगला, लांब उतारावर पॅडल दबदबीत.* ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. जुने ऑइल तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल मऊ पडते. ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलावे. येथे एक इशारा : ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिनचे किंवा हायड्रॉलिकचे ऑइल कधीही घालू नये, रबरे फुगून सगळे काम बिघडते. आणि जो ब्रेक ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलावर चालतो, त्यात ब्रेक ऑइल घालू नये.

काम करताना ट्रॉली रिकामी आणि जागा सपाट असावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी खाली शिरू नये, लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्यावा. ड्रममधील काळी भुकटी तोंडाने फुंकू नये, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

ट्रॅक्टरची दोन पॅडले

शेतात आखूड वळण घेण्यासाठी डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक निरनिराळे असतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पॅडले पट्टीने जोडलेलीच पाहिजेत. मागे दहा-वीस टन असताना एकाच पॅडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पट्टी जोडूनही ट्रॅक्टर एका बाजूला जात असेल तर दोन्ही पॅडलांचा मोकळा खेळ सारखा नाही. तो पुस्तकात दिल्याप्रमाणे सारखा करून, मोकळ्या रानात रिकाम्या ट्रॅक्टरवर हळू वेगात तपासावा.

विजेचा ब्रेक आणि आपला लाल दिवा

विजेच्या ब्रेकमध्ये प्रत्येक ड्रमच्या आत एक लोहचुंबक असतो. चालकाने ब्रेक लावला की बॅटरीची वीज त्यात जाते, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याबरोबर थोडा ओढला जातो आणि त्या ओढीने दांडा फिरून शू फाकतात. वीज जास्त दिली की पकड जास्त. ट्रेलर सुटलाच तर एक पिन उपसली जाऊन ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीने ब्रेक आपोआप लागतात.

असा एक चुंबक १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर वीज घेतो, म्हणजे चार चाकांना १२ अँपिअर. या वाटेत कोठे बारीक वायर, गंजलेला प्लग किंवा कच्चे अर्थिंग असेल आणि त्याचा अडथळा फक्त पाव ओहम असेल, तरी चुंबकापर्यंत १२ पैकी साडेनऊ व्होल्टच पोचतात. ब्रेक लागतो, पण कमी लागतो. चालकाला वाटते लायनर गेले. म्हणून तेथील जाणकार व्होल्ट मोजतात ते चाकाजवळ, आणि ब्रेक लावलेला असताना. वीज वाहत नसताना वाईट जोडही चांगलाच दिसतो.

आपल्या ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याचे दुखणे हेच आहे. पुष्कळ ठिकाणी एकच वायर ओढलेली असते आणि परतीची वीज हुकाच्या पिनीतून ट्रॅक्टरकडे येईल असे गृहीत धरतात. पिनीला ग्रीस, गंज, चिखल. गाडी खड्ड्यात आदळली की दिवा लुकलुकतो. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो. मागच्या दुसऱ्या ट्रॉलीला तर दिवा नसल्यासारखाच.

परीक्षा अगदी सोपी आहे. दिवे लावून ठेवावेत. एक लांब वायर घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे ट्रॉलीच्या खरवडलेल्या लोखंडाला लावावे. दिवा एकदम उजळला तर दोष अर्थिंगचा. दोन्ही ट्रॉल्यांपर्यंत स्वतंत्र, जाड अर्थ वायर नेली की हंगामभर चिंता नाही. दिवा उजळला नाही तर फ्यूज, प्लग, होल्डर व बल्ब असे क्रमाने पाहावे.

याशिवाय मागे लाल परावर्तक व चकाकणाऱ्या पट्ट्या असाव्यात आणि लोंबणाऱ्या वाढ्यांनी त्या झाकल्या जाऊ नयेत. वीज गेली तरी परावर्तक काम करतो. रात्री रस्त्यात बंद पडलेली बिनदिव्याची ट्रॉली मोटारसायकलवाल्याला जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्या मोटारसायकलवर आपल्याच गावचे पोर असते.

उतार उतरताना

ब्रेक चांगला असला तरी रीत सोडू नये. उताराच्या आधीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनच्या जोरावर उतरावे. मधे गिअर बदलायला जाऊ नये. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे इंजिनचा लगाम सोडून देणे होय. उतारावर उभे राहावे लागल्यास गिअर, हँडब्रेक आणि चाकाला दगड, तिन्ही लावावे. निघताना मात्र तो दगड रस्त्यात टाकून जाऊ नये. भरलेल्या ट्रॉलीवर किंवा मधल्या दांडीवर तोडणीच्या माणसांना, बायकामुलांना बसू देऊ नये. ब्रेकच्या धक्क्याला पहिली पडतात ती हीच माणसे.

मालकाचे काम

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर एकाचा असतो आणि चालवतो दुसरा. ब्रेक ढिला झाल्याचे चालकाला पहिल्या दिवशी कळते. तो सांगतो, आणि त्याला उत्तर मिळते, "एवढा आठवडा काढ." फडात ऊस तुटून पडलेला, टोळी खोळंबलेली, वजन घटायची धास्ती, हे सगळे खरे आहे. पण लायनर बदलायला अर्धा दिवस लागतो. अर्ध्या दिवसाची खेप दुसऱ्या दिवशी भरून निघते. चालकाचा जीव किंवा समोरून येणाऱ्याचा जीव भरून निघत नाही.

तेव्हा ट्रॅक्टरमालक सभासदांनी हंगामाच्या आधी थंड-गरम चाकाची परीक्षा करावी, पुढे दर पंधरा दिवसांनी करावी आणि चालकाने "आज गाडी उतारावर नेत नाही" म्हटले तर त्याच्यावर रागावू नये. ज्या ट्रॉलीला मुळातच ब्रेक नाहीत, ती भरून रस्त्यावर आणण्याआधी तिला ब्रेक बसवून घ्यावेत. खर्च एकदाचा आहे, उतार रोजचे आहेत.